एकाच त्वचेवरचे तीन तपकिरी डाग

पन्नाशी ओलांडली तेव्हा माझ्या त्वचेवर तीन प्रकारचे तपकिरी डाग होते आणि ते तिन्ही मी एकाच नावाने ओळखत होते. हातांच्या पाठीवर आणि मनगटाच्या वर नखाएवढे, सपाट, स्पष्ट कडांचे डाग होते. दोन्ही गालांच्या वरच्या भागावर व वरच्या ओठावर धाकट्या मुलाच्या बाळंतपणापासून रेंगाळलेला वांग होता, तो थंडीत थोडा फिका व्हायचा आणि उन्हाळ्यात पुन्हा वर यायचा. आणि कानशिलाजवळ एक किंचित उंच, खरखरीत, इतरांपेक्षा काळपट डाग होता. वय झाले की असे डाग येतातच, हे वाक्य इतक्यांकडून ऐकले होते की पहिल्या दोन प्रकारांसाठी मी कधी डॉक्टरांची पायरी चढलेच नसते. कानशिलाजवळचा डाग वर्षभरात वाढल्याचे जुन्या फोटोंत स्पष्ट दिसले, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली. त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत जे उपचार झाले, त्यांतून एक गोष्ट मला अगदी पक्की समजली: हातावरचा डाग ज्याने जातो त्यानेच गालावरचा डाग वाढू शकतो, त्यामुळे कोणते मलम चांगले हा प्रश्न नंतरचा असून हा डाग नेमका कशाचा आहे हा प्रश्न आधीचा असतो.

पहिल्या भेटीचा बराचसा वेळ प्रश्नांतच गेला. डाग कधीपासून आहेत, ऋतूप्रमाणे बदलतात का, गर्भनिरोधक गोळ्या किंवा संप्रेरकांची औषधे कधी घेतली होती का, कामाची जागा खिडकीजवळ आहे का, रोज आचेसमोर किती वेळ जातो, सध्या कोणती औषधे चालू आहेत, असे ते प्रश्न होते. औषधांची यादी मागण्याचे कारण मला तेव्हा कळले नव्हते. मिनोसायक्लिनसारखी प्रतिजैविके, हृदयाची लय सुधारण्यासाठी दिले जाणारे अमिओडॅरोन, मलेरिया व संधिवातावर दिले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही औषधे स्वतःच त्वचेचा रंग बदलू शकतात, आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्या त्वचेला उन्हाबाबत अधिक संवेदनशील करतात. मानेच्या मागे आणि काखेतही डॉक्टरांनी पाहिले, कारण तिथे मखमली पोताचा काळेपणा असेल तर तो बहुधा इन्सुलिनच्या गडबडीची खूण असतो आणि त्याचे उत्तर मलमात न सापडता रक्ततपासणीत सापडते. माझ्या बाबतीत तसे काही नव्हते.

मग त्यांनी डर्मोस्कोप काढला. हे हातात मावणारे, दिवा असलेले भिंग असते, ते त्वचेला टेकवले की वरच्या थरातील चकाकी नाहीशी होऊन आतल्या रंगाची रचना दिसते. माझ्या विनंतीवरून त्यांनी तिन्ही ठिकाणची चित्रे पडद्यावर शेजारी शेजारी लावून दाखवली. हातावरच्या डागाची कड कसर लागलेल्या कापडासारखी कुरतडलेली होती आणि आत बारीक समांतर रेषा होत्या. गालावरच्या वांगात मात्र कड अशी नव्हतीच. तपकिरी जाळी हळूहळू विरत जात होती, केसांच्या मुळांभोवतीची छिद्रे तेवढी मोकळी सुटली होती, आणि मधूनमधून अगदी बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या. कानशिलावरच्या डागात पांढुरके ठिपके आणि काळी भोके होती. इतकी वर्षे आरशात मला जे एकसारखे दिसत होते, ते दहापट मोठे झाल्यावर एकमेकांचे नातेवाईकही वाटत नव्हते.

कानशिलावरचा डाग म्हणजे सेबोऱ्हिइक केराटोसिस, त्वचेच्या वरच्या थराची निरुपद्रवी वाढ, असे निदान झाले. तरीही तो अलीकडे वाढला होता म्हणून डॉक्टरांनी तो खरवडून काढून त्याचा नमुना तपासणीला पाठवला, आणि अहवाल साधा आला. याच वेळी त्यांनी काळजी केव्हा करायची ते सांगितले: डागाचे दोन अर्धे एकमेकांशी न जुळणे, कड वेडीवाकडी असणे, एकाच डागात अनेक रंग असणे, व्यास ६ मिलिमीटरपेक्षा जास्त असणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो बदलत असणे. खाज, रक्त किंवा न भरणारी जखम असेल तर वाट पाहायचीच नाही. त्यांनी मला पायमोजे काढायला सांगितले तेव्हा मी गोंधळले. सावळ्या त्वचेच्या लोकांत मेलॅनोमा हा कर्करोग उन्हात न येणाऱ्या जागी, म्हणजे तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होण्याचे प्रमाण तुलनेने अधिक असते, म्हणून तळपाय आणि नखे पाहिल्याशिवाय त्वचेची तपासणी पूर्ण होत नाही, हे त्यांचे स्पष्टीकरण होते. चेहऱ्यावरच्या डागांसाठी गेलेल्या माणसाचे तळपाय पाहणारा डॉक्टर भेटला, तर आपण योग्य ठिकाणी आलो असे खुशाल समजावे.

वांग किती खोल आहे हे पाहण्यासाठी खोलीत अंधार करून वुड्स लॅम्पचा प्रकाश चेहऱ्यावर टाकण्यात आला. हा दिवा साधारण ३६५ नॅनोमीटरचे अतिनील किरण देतो. रंगद्रव्य त्वचेच्या वरच्या थरात असेल तर डाग या प्रकाशात अधिक गडद दिसतो, आणि खालच्या थरात उतरले असेल तर तेवढा फरक दिसत नाही. माझा वांग काही ठिकाणी गडद झाला, काही ठिकाणी झाला नाही, म्हणजे तो मिश्र होता. मुळातच त्वचेत रंग अधिक असेल तर या दिव्याचा निर्वाळा फारसा भरवशाचा राहत नाही, असेही डॉक्टरांनी सांगून ठेवले. माझी त्वचा त्यांनी चौथ्या प्रकारात नोंदवली. त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या आणि पुढे सहा प्रकारांपर्यंत वाढवलेल्या वर्गीकरणात हा प्रकार सहज काळवंडणारा आणि क्वचितच भाजणारा असतो. उपचारांच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की अशा त्वचेला कोणताही दाह झाला, मग तो पुटकुळीचा असो, मलमाचा असो की लेझरचा, तर ती बरी होताना काळा डाग मागे ठेवते. पुढचा प्रत्येक निर्णय या एका नोंदीला धरून झाला.

त्वचेच्या बाह्य थराच्या तळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या टायरोसिनेज नावाच्या विकराच्या साहाय्याने मेलॅनिन बनवतात आणि ते बारीक कणांच्या रूपाने आजूबाजूच्या पेशींना देतात, तिथे ते पेशीच्या केंद्रकावर आच्छादन घालून अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करते. हातावरच्या डागांत, ज्यांना वैद्यकात सोलर लेंटिगो म्हणतात, वर्षानुवर्षांच्या उन्हाने त्या एवढ्याशा जागेतील रचनाच बदललेली असते: रंग बनवणाऱ्या पेशींची संख्या वाढते आणि तळाच्या थराच्या लांब मुळ्या खाली उतरतात. म्हणूनच हे डाग ऋतूप्रमाणे बदलत नाहीत; तरुणपणीच्या बारीक ठिपक्यांप्रमाणे थंडीत ते फिके पडण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. वांगात पेशी फारशा वाढलेल्या नसतात, त्या अतिक्रियाशील झालेल्या असतात. संप्रेरके, ऊन, उष्णता आणि अनुवंश यांपैकी काहीही त्यांना चेतवते आणि थोडे शांत झालेले पुन्हा उसळते. एका ठिकाणी मर्यादित जागेतील जुना बिघाड आहे, तर दुसऱ्या ठिकाणी सतत चालू असलेला स्वभाव आहे. पहिला एकदा काढून टाकता येतो. दुसऱ्याला फक्त आटोक्यात ठेवता येते.

मला अर्थातच सगळे एकदम घालवायचे होते. लेझर करायचेच आहे तर हातांबरोबर चेहऱ्याचेही करून टाका, असे मी म्हटले. त्यावर डॉक्टरांचे उत्तर सरळ होते: "तुमच्या हातावर जे यंत्र मी चालवणार आहे, तेच गालावर चालवले तर पहिला महिना तुम्ही खूश असाल आणि तिसऱ्या महिन्यात माझ्याशी भांडायला याल." वांगावर जोरदार लेझर केला तर सुरुवातीला तो फिकट होतो आणि पुढे पूर्वीपेक्षा गडद होऊन परततो, असे अनेकदा घडते. शेवटी क्रम असा ठरला: आधी ऊन अडवायचे, मग चेहऱ्यावर मलम, आणि हातांवर लेझर सर्वांत शेवटी, ऊन कमी असलेल्या महिन्यांत.

ऊन अडवणे हा भाग मी औपचारिकता समजत होते, पण एकूण परिणामातील मोठा वाटा त्याचाच निघाला. सनस्क्रीनच्या बाटलीवरचा एसपीएफ हा आकडा प्रामुख्याने अतिनील-ब, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या, किरणांविषयी बोलतो. ३० चा आकडा त्यांतील सुमारे ९७ टक्के अडवतो आणि ५० चा सुमारे ९८ टक्के, म्हणजे आकडे दिसतात तेवढा फरक प्रत्यक्षात नसतो. पण हे मोजमाप प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून केलेले असते, आणि आपण सगळे त्याच्या पाव ते निम्माच लावतो. डॉक्टरांनी मला माझी नेहमीची बाटली काढून त्यांच्यासमोर लावून दाखवायला सांगितले. मग तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा ओढायला लावून, चेहरा व मान यांसाठी एवढे लागते, असे दाखवले. ते माझ्या नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी अधिक होते आणि चेहऱ्यावर पांढरट दिसत होते. तेव्हा त्यांनी दोन थरांत, मध्ये काही मिनिटे थांबून लावण्याची युक्ती सांगितली, ती उपयोगी पडली. बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावायचे, घाम आला किंवा पाण्यात गेले तर लगेच.

घरात बसून काम करणाऱ्यांना सनस्क्रीन कशाला, हा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर खिडकीच्या काचेत आहे. साधी काच अतिनील-ब किरण जवळजवळ पूर्ण अडवते, त्यामुळे काचेआड आपण भाजत नाही. पण अतिनील-अ किरणांचा मोठा भाग तिच्यातून आत येतो. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ६९ वर्षांच्या मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. त्याने २८ वर्षे गाडी चालवली होती आणि खिडकीकडच्या बाजूचा त्याचा अर्धा चेहरा जाड, खोल सुरकुत्यांनी भरलेला होता, तर दुसरी बाजू बरीच तरुण दिसत होती. गाडीची समोरची काच थरांची असल्याने ती हे किरण बऱ्यापैकी अडवते, बाजूच्या काचांचा भरवसा धरता येत नाही. माझे लिहिण्याचे टेबल वर्षानुवर्षे खिडकीला लागून होते, आणि खिडकीकडच्या हातावरचे डाग दुसऱ्या हातापेक्षा ठळकपणे जास्त होते. टेबल हलवले आणि काचेला अतिनील किरण रोखणारी फिल्म लावून घेतली. हा एकदाच करायचा उपाय असल्यामुळे माझ्या दृष्टीने तो सगळ्यांत कमी कटकटीचा ठरला.

वांगाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. नेहमीचे पारदर्शक सनस्क्रीन अतिनील किरण रोखते, पण डोळ्यांना दिसणारा प्रकाश, विशेषतः त्यातील निळा-जांभळा भाग, आत जाऊ देते, आणि सावळ्या त्वचेत तो प्रकाशही काळेपणा वाढवतो. तो अडवण्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, म्हणजेच त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन लागते. माझ्या गालांवर खरा फरक हे बदलल्यानंतर दिसू लागला. याच निळ्या प्रकाशाचा धागा पकडून फोनच्या आणि संगणकाच्या पडद्यापासून वाचवणारी प्रसाधने विकली जातात. सूर्याच्या तुलनेत पडद्याचा निळा प्रकाश अत्यल्प असतो, तेव्हा त्यावर वेगळा खर्च करण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

रोज सनस्क्रीन लावल्याने काही होते का, याचे चांगले उत्तर ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर या गावी झालेल्या अभ्यासात मिळते. तिथे काही लोकांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले होते आणि काहींना त्यांच्या मर्जीवर सोडले होते. साडेचार वर्षांनंतर, रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचे उन्हामुळे होणारे वृद्धत्व दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्के कमी आढळले. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मध्यमवयीन लोक होते, हे मला विशेष वाटले. चाळिशीनंतर सुरुवात करून आता काय उपयोग, या समजुतीला त्याने चांगलेच उत्तर दिले.

हातांच्या बाबतीत मात्र सनस्क्रीन फार काळ टिकत नाही, कारण आपण दिवसभर हात धूत असतो. प्रत्येक वेळी पुन्हा लावणे मला काही जमले नाही, आणि जमेल असे वाटतही नाही. त्याऐवजी लांब बाह्यांचे घट्ट विणीचे कपडे आणि बाहेर पडताना पातळ सुती हातमोजे वापरू लागले. कापड धुऊन निघत नाही आणि त्याची मात्रा चुकत नाही.

चेहऱ्यासाठी डॉक्टरांनी तीन घटकांचे मलम लिहून दिले: हायड्रोक्विनोन ४ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०५ टक्के आणि फ्लुओसिनोलोन ०.०१ टक्के. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी अशाच तीन घटकांचे सूत्र मांडले होते, आजचे मलम म्हणजे त्याचे सौम्य रूप आहे. हायड्रोक्विनोन टायरोसिनेजला अडवून नवा रंग बनू देत नाही, ट्रेटिनॉइन वरच्या पेशी लवकर झडायला लावते, आणि फ्लुओसिनोलोन हे सौम्य स्टेरॉइड या दोघांमुळे होणारा दाह आवरते. रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढ्या मात्रेपेक्षाही कमी मलम फक्त डागांवर लावायचे होते. पहिल्या आठवड्यांत ओठांच्या कोपऱ्यांशी आणि नाकपुड्यांच्या कडेला कातडी लाल होऊन सालपटे निघू लागली. डॉक्टरांनी मलम एक रात्र आड केले आणि आधी साधे मॉइश्चरायझर लावायला सांगितले. दाह सहन करत मलम रेटत राहिले असते तर त्या दाहानेच नवा काळेपणा आणला असता. आठव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास डाग फिके होऊ लागले, त्यातही कडा आधी. उन्हाने बनलेला रंग नव्या पेशींबरोबर वर येऊन झडायचा असतो. तरुण त्वचेत या चक्राला चार आठवडे लागतात, वयाबरोबर ते लांबते, म्हणून कोणत्याही मलमाला दोन-तीन महिने दिल्याशिवाय ते चालत नाही असे म्हणता येत नाही.

हे मलम कायमचे लावायचे नसते, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर थांबण्याची तारीख सुरुवातीलाच लिहून ठेवली होती. त्यातील स्टेरॉइडने दीर्घकाळात त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते. हायड्रोक्विनोनचा वर्षानुवर्षे वापर केला तर कधीकधी ओक्रोनोसिस नावाचा निळसर काळा रंग त्वचेत खोलवर बसतो आणि तो घालवणे मूळ वांगापेक्षा कितीतरी अवघड असते. युरोपीय संघाने त्वचा उजळ करणाऱ्या प्रसाधनांतील हायड्रोक्विनोनवर बंदी घातली आहे, आणि अमेरिकेतही २०२० पासून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कायदेशीरपणे मिळत नाही. गर्भवतींनी किंवा गर्भधारणेचा विचार असणाऱ्यांनी ट्रेटिनॉइन असलेले काहीही लावायचे नाही. माझे मलम ठरलेल्या तारखेला थांबले आणि त्या जागी २० टक्के ॲझेलेइक ॲसिड आले, सकाळी सनस्क्रीनच्या आधी क जीवनसत्त्वाचे सीरम. ॲझेलेइक ॲसिडने सुरुवातीला थोडी खाज सुटते, पण ते दीर्घकाळ वापरता येते आणि गर्भारपणातही सहसा सुरक्षित मानले जाते. क जीवनसत्त्वाचे सीरम हवा-प्रकाशाने खराब होऊन पिवळे-तपकिरी होते. तसे झाले की ते टाकून द्यावे.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांचाही विषय निघाला. मुळात रक्तस्राव थांबवण्यासाठी असलेले हे औषध वांगावर अल्प मात्रेत, सहसा २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दिले जाते आणि अनेकांना त्याचा फायदा होतो. माझ्या आईला पायातील शीर गोठण्याचा त्रास झाला होता, हे कळताच डॉक्टरांनी तो पर्याय बाजूला ठेवला, कारण हे औषध रक्ताच्या गुठळ्या विरघळू देत नाही. कुटुंबाचा इतिहास न विचारता कोणी या गोळ्या देत असेल, तर तो आपणहून सांगावा.

हातांवरचे लेझर हिवाळ्यात झाले. क्यू-स्विच्ड एनडी-याग या यंत्राची ५३२ नॅनोमीटरची तरंगलांबी वापरली. यामागचे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडले: विशिष्ट रंगाचे कण शोषून घेतील अशा प्रकाशाचा अत्यंत अल्प काळाचा झोत सोडला, तर कण फुटतात आणि भोवतालच्या भागाला उष्णता पोहोचायच्या आत झोत संपलेला असतो. तरीही माझ्या त्वचेचा प्रकार पाहता डॉक्टरांनी आधी मनगटाच्या वरचा एकच डाग निवडून तेवढ्यावर चाचणी केली आणि पुढचे काही आठवडे नुसती वाट पाहिली. मला ती दिरंगाई वाटली होती, आता तोच भाग सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो.

प्रत्यक्ष लेझरच्या वेळी सुन्न करणारे मलम लावलेले असूनही प्रत्येक झोताला चटका जाणवत होता आणि बारीक टक् असा आवाज होत होता. झोत पडताक्षणी तपकिरी डाग पांढरा पडला, तो पांढरेपणा पंधरा-वीस मिनिटांत ओसरला आणि भोवती लाली उरली. डोळ्यांवर जाड चष्मा होता, तो डॉक्टरांनी आणि मदतनिसांनीही घातला होता, याची नोंद मी मुद्दाम करते. दुसऱ्या दिवशी डाग पूर्वीपेक्षा काळे झाले आणि त्यावर पातळ खपली धरली. चेहऱ्यावर अशी खपली आठवड्या-दीड आठवड्यात पडते, हातांवर तिला बराच जास्त वेळ लागतो, आणि त्या काळात ती ओढायची नाही ही सूचना पाळणे सर्वांत कठीण गेले. काम करताना कुठेतरी घासले जाते, कड सुटते, आणि बोट आपोआप तिकडे जाते. मी पेट्रोलियम जेलीचा थर आणि त्यावर हातमोजे ठेवत राहिले. खपल्या पडल्या तेव्हा खाली गुलाबी त्वचा होती आणि बहुतेक डाग खरोखरच गेले होते. अंगठ्याजवळच्या दोन जागा मात्र काही आठवड्यांनी करड्या-तपकिरी झाल्या. त्या दाहानंतरच्या काळेपणाच्या होत्या, मूळ डाग परतला नव्हता. ऊन टाळून आणि ॲझेलेइक ॲसिड लावून त्या काही महिन्यांत विरल्या. हेच गालांवर, आधीच चेतलेल्या त्वचेवर, झाले असते तर काय दिसले असते याची कल्पना मला त्या दोन जागांनी पुरेशी दिली.

द्रव नायट्रोजनने गोठवण्याचा पर्यायही असतो. तो उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो, आणि रंग बनवणाऱ्या पेशी इतर पेशींपेक्षा थंडीला लवकर बळी पडतात, म्हणून हलका स्पर्शही पुरतो. याच कारणाने सावळ्या त्वचेवर तपकिरी डागाच्या जागी कायमचा पांढरा डाग राहण्याचा धोका असतो. रासायनिक पील, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढणे, मी केले नाही. ग्लायकोलिक किंवा मँडेलिक ॲसिडची सौम्य पील वांगाला मलमांच्या जोडीने मदत करतात, पण मलमांवर समाधानकारक फरक दिसत असताना आणखी एक दाह कशाला, हे डॉक्टरांचे मत मला पटले.

या काळात ओळखीपाळखीच्यांनी सुचवलेल्या उपायांची यादी लांब होती. त्यांपैकी लिंबाचा रस चोळून उन्हात बसणे हा सल्ला उघडपणे घातक आहे: लिंबातील फ्युरोकुमारिन द्रव्ये अतिनील-अ किरणांशी मिळून त्वचा भाजतात, फोड येतात आणि मागे महिनोन्महिने टिकणारे तपकिरी ओघळ राहतात. त्याहून अधिक काळजी मला नाव-पत्ता नसलेल्या गोरेपणाच्या क्रीमची वाटते. आठवड्याभरात उजळ करणाऱ्या क्रीममध्ये बहुधा क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड असते किंवा पारा असतो. स्टेरॉइडच्या क्रीमची सवय लागलेला चेहरा ते बंद करताच लाल होतो, जळजळतो, पुरळाने भरतो, आणि माणूस घाबरून पुन्हा तेच क्रीम लावतो. पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय मिनामाटा कराराने प्रसाधनांतील पाऱ्यावर आधी दशलक्षात एका भागाची मर्यादा घातली होती, आणि २०२३ मध्ये सदस्य देशांनी पारा घातलेली सर्वच प्रसाधने बंद करण्याचा निर्णय घेतला. घटकांची यादी नसलेली डबी कोणी कितीही आपुलकीने दिली तरी ती उघडू नये, असे माझे मत आहे.

सध्या हात जवळजवळ स्वच्छ आहेत. वांग गेलेला नाही. तो इतका फिका आहे की मला माहीत असल्यामुळेच दिसतो. गेल्या उन्हाळ्यात प्रवासात टोपी असूनही तो थोडा वर आला, तेव्हा डॉक्टरांनी तीन घटकांचे मलम पुन्हा अल्प काळासाठी दिले आणि तो बसला. हे अधूनमधून होत राहील, असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. दर तीन महिन्यांनी मी त्याच खिडकीजवळ, सकाळच्या त्याच वेळी, कोणताही फिल्टर न लावता गालांचे आणि हातांचे फोटो काढते, कारण रोज आरशात पाहणाऱ्याला हळू होणारा बदल कळत नाही, सुधारणाही नाही आणि बिघाडही नाही.

अलीकडे डाव्या कोपराच्या खाली एक नवा सपाट डाग दिसू लागला. डर्मोस्कोपखाली त्याची कड तशीच कुरतडलेली आणि रेषा तशाच समांतर निघाल्या, म्हणजे तो उन्हाचाच आहे, आणि ते ऊनही बहुधा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे. तो काढायचा का, असे डॉक्टरांनी विचारले. बाहीखाली झाकला जाणारा, त्रास न देणारा डाग आहे म्हणून मी नको म्हटले. त्याच्या शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढला आणि पुढच्या तपासणीच्या यादीत त्याची नोंद केली.